तळघरात पाझरलेला देव

त्या माघात बोरी बुद्रुकच्या सयाजीअण्णांच्या तळघरापुढे अशी रांग लागली, की माझा दवाखाना ओस पडला. पेशंट सगळे तिकडे.

अण्णांनी उतारावर नवा बंगला बांधला होता आणि बटाट्याचं बेणं ठेवायला खाली तळघर काढलं होतं. तळघराच्या भिंतीवर सोंडेसारखा ओला डाग उमटला. त्यावर पांढरी भुकटी धरू लागली. झाडली तरी पुन्हा यायची. बातमी फुटली आणि भस्मानंद महाराज हजर झाले. कुठले, हे कुणी विचारलं नाही.

"लेण्याद्रीचा गणपती डोंगर उतरून मुक्कामाला आलाय," महाराजांनी जाहीर केलं. "भिंतीतून अंगारा देतोय. हिला प्लास्टर कराल तर कोप होईल."

लोक भुकटी जिभेवर ठेवत, पाझर तीर्थ म्हणून पीत. भुकटी खारट लागते म्हटलं, तर महाराज म्हणत, "समुद्रमंथनातली आहे ती." कोपऱ्यातली काळी बुरशी त्यांच्या लेखी शंकराची जटा होती.

मी हसून सोडून दिलं असतं. पण अण्णांची नात श्रेया दम्याची पेशंट. महाराजांनी तिचा औषधाचा पंप बंद करून तिला त्या भिंतीशी झोपवायला लावलं. एका सकाळी तिची आई इंद्रायणी तिला कडेवर घेऊन धावत आली. पोरीचे ओठ काळेनिळे पडले होते.

श्वास जागेवर आल्यावर मी विचारलं, "खाली कुबट वास येतो?"

"लई. महाराज म्हणत्यात, पाताळातला धूप हाय."

"रंगाचे पोपडे?"

"सुटल्यात."

"त्या भिंतीच्या वर काय आहे?"

इंद्रायणी हळूच म्हणाली, "आमची न्हाणी."

मी तिला समजावलं. पाणी भिंतीत मुरतं, विटा-सिमेंटातला क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी वाळून जातं, क्षार मागं उरतो. त्याला लोणा म्हणतात. ओलीवर बुरशी धरते आणि तीच श्रेयाच्या छातीत जाते.

"अण्णांना वाटतं, देवानं त्यांचंच घर निवडलं," ती म्हणाली. "माझं कोण ऐकणार? त्यांना दाखवावंच लागंल."

तिनं श्रेयाला माहेरी धाडलं आणि न्हाणीत बादलीभर नीळ ओतली. दुसऱ्या दिवशी भिंतीतून निळं पाणी झिरपलं. गर्दी हादरली. महाराज मात्र डगमगले नाहीत.

"लेकापाठोपाठ बाप आला. नीलकंठ प्रकटला."

सगळे पुन्हा पाया पडले. इंद्रायणी पदर खोचून पुढं आली.

"महाराज, उद्या कोण येणार ते आजच सांगा."

"देवाची परीक्षा बघतीस?"

"देवाची न्हाई, तुमची. मी सांगते. उद्या भिंत लाल व्हणार." तिनं रंगाची पुडी सासऱ्यांच्या हातात दिली. "अण्णा, तुमीच वर जाऊन न्हाणीत ओता. मी हितंच थांबते."

अण्णांचा चेहरा पडला. एवढी माणसं दारात आलेली, एवढा मान मिळालेला. तरी पुडी मुठीत धरून ते जिना चढले.

दुसऱ्या दिवशी भिंत लाल झाली. महाराज म्हणाले, "देवी आली."

रांगेतल्या ठकूबाई आजी शांतपणे म्हणाल्या, "देवी कसली, बाबा. इतके दिस आमी ह्या घरच्यांच्या आंघोळीचं पाणी प्यालो."

आधी कुणीतरी ओकलं, मग बाकीचे हसायला लागले. त्या गोंधळात महाराज निसटले, जमलेल्या नारळांचं पोतं मात्र न विसरता.

अण्णांनी न्हाणीची फरशी उकरली. मोरीचा पाइप सांध्याशी फुटला होता, सगळं सांडपाणी भिंतीत जात होतं. पाइप बदलला, भिंत सुकू दिली, मग प्लास्टर केलं. श्रेया घरी आली. पंप अजून लागतो तिला, पण रात्रभर झोपते.

तुमच्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, पांढरं पीठ धरलं, कुबट वास आला, तर हात जोडण्याआधी वर जाऊन बघा, पाणी कुठून येतंय. आणि ते देवाचं आहे असं कुणी सांगितलं, तर पहिला पेला त्यालाच पाजा.