आवाज बसलेली गाडी

गाडीचा आवाज बसला आहे, असं भोंग्याने पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा घरात कोणालाच ते पटलं नाही. पण घरात कोणालाच पटलं नाही म्हणजे आपलं म्हणणं खरं असणार, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता.

भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गेल्या तीन-चार वर्षांत त्याचा स्वतःचा आवाज असा काही चढला होता, की त्याने शेजारच्याला ‘इकडे ये’ म्हटलं तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस चपला घालून निघायचा. त्यावरून बरोबरच्या गाडीवाल्यांनी हे नाव ठेवलं. त्यालाही ते आवडलं. आपल्या शब्दाला वजन आहे म्हणून लोक असं म्हणतात, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

धंदा घरं हलवण्याचा. लोकांची कपाटं, पलंग, गाद्या, कुंड्या एका दारातून उचलायच्या आणि दुसऱ्या दारात उतरवायच्या. त्यासाठी एकच ट्रक, वय वर्षं एकतीस, त्याच्या लेकीपेक्षा एका वर्षाने लहान. बायको बरोबर असायची ती काचसामानासाठी. बशा, बरण्या, आरसे गुंडाळावेत तर तिनेच. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक कप फुटला होता, आणि तोही आधीच तडकलेला होता असं ती अजून सांगते. लेक फोनवर कामं घ्यायची, तारखा ठरवायची.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. “बाबा, गाडी थकली. तुम्हीच म्हणता आवाज बसलाय. मग मोडीत द्या आणि तुम्हीही बसा निवांत.”

“थकायला काय झालं तिला? तिचा श्वास कोंडलाय. एका नळीतून सोडायचा किती? सायलेन्सरच्या दोन नळ्या लावतो मागे, बघ कशी गरजते ती!”

“आणि नाही गरजली तर?”

“तर देईन मोडीत. शब्द!”

हे सगळं तो इतक्या मोठ्याने बोलला, की वरच्या मजल्यावरचेही साक्षीदार झाले. आता माघार घेणं शक्य नव्हतं. दोन नळ्यांवर त्याचा ट्रक राहणार की जाणार ते ठरायचं होतं, आणि ट्रक गेल्यावर आपण सकाळी उठून नेमकं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

खरं सांगायचं तर त्याला दोन गोष्टी खात होत्या. एक गाडीचा आवाज. दुसरी त्याने कोणालाच सांगितली नव्हती. ज्या दिवशी काचसामान नसे त्या दिवशी बायको घरी थांबायची, आणि तो निघाला की दारातून म्हणायची, “सावकाश जा.” तो वळूनही न बघता म्हणायचा, “येतो गं.” लग्न झाल्यापासून असं चालू होतं. मग दोनेक वर्षांपूर्वी कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की ही हल्ली काहीच म्हणत नाही. कशाचा तरी राग असणार. तिच्या बहिणीकडे जायचं राहिलं त्याचा? की आरशाचं जुनं टेबल विकलं त्याचा? त्याने मनातल्या मनात यादी केली, ती बरीच लांबली, तेव्हा त्याने नाद सोडला. ती म्हणत नाही, तर आपण का विचारायचं? त्याचा स्वाभिमान तसा स्वस्तातला होता, पण टिकाऊ होता.

सायलेन्सरचं काम करणारा मिस्त्री त्याचा तरुणपणापासूनचा दोस्त. शहराच्या कडेला त्याचं पत्र्याचं छप्पर आणि पुढे मोठं मोकळं आवार. या मिस्त्रीची एक पद्धत होती आणि त्यापायी त्याने कितीतरी गिऱ्हाइकं घालवली होती. तो आधी ऐकवायचा, मग जोडायचा. नुसत्या क्लॅम्पवर नळी अडकवायची, गिऱ्हाइकाला लांब उभं करायचं, गाडीकडे पाठ आणि डोळे मिटलेले. मग एक नळी, दोन नळ्या, हा डबा, तो डबा, कुठलं केव्हा लावलंय ते सांगायचं नाही. जे कानाला पटेल तेच तो वेल्डिंग करून द्यायचा. “चकचकीत नळी डोळ्यांना दुप्पट ऐकू येते,” असं तो म्हणायचा. शिवाय एकट्या मालकाला तो उभं करत नसे. “चालवणाऱ्याला गाडीचं कौतुक असतं. शेजारी जो बसतो त्याला तिचा आवाज माहीत असतो. वहिनींना घेऊन ये.”

म्हणून त्या दिवशी सकाळी बायकोही आली होती. लेकीला दिलेला शब्द भोंग्याने मिस्त्रीला आल्याआल्याच ऐकवला होता.

मिस्त्री गाडीखाली शिरला, पान्याने दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि बाहेर येऊन कपाळावरची माती पुसत म्हणाला, “सायलेन्सरच्या डब्याला भोक पडलंय. अंगठा जाईल एवढं.”

“मग! म्हणूनच आवाज बसला.”

“भोकाने आवाज बसत नाही रे, वाढतो. ही गाडी चार गल्ल्यांना जागं करत आली असणार.” त्याने गाडी चालू करून नळीच्या तोंडाशी तळहात धरला आणि धुराचे धक्के मोजले. “इंजिन ठणठणीत आहे. क्लच मात्र पार घासलाय. हल्ली रेस जास्त देतोस का? गिअर उशिरा टाकतोस?”

“आवाजच येत नाही तर काय करू? दाबावं लागतं.”

मिस्त्री त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग नवा डबा काढायला आत गेला.

कामाला तासभर लागला. मग मिस्त्रीने दोघांना आवाराच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एक नळी वाटली तर एक बोट वर, दोन वाटल्या तर दोन. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही.

भोंग्याने डोळे मिटले. टाकीच्या ओल्या सिमेंटचा वास येत होता. तो वाट बघू लागला. मिस्त्री म्हातारा झाला बिचारा, त्याला वाटलं. एक क्लॅम्प आवळायला इतका वेळ? पूर्वी याच्या हाताला काय वेग होता! बरंच थांबून झालं तेव्हा त्याने एक डोळा किलकिला केला. शेजारी बायको डोळे मिटून उभी होती, आणि तिचं एक बोट वर होतं.

“अगं, बोट काय वर करतेस?” तो गरजला. “अजून त्याने सुरू कुठे केलीय?”

बायकोने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचं बोट तसंच वर राहिलं, खाली घ्यायचं ती विसरूनच गेली.

तो वळला. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभा होता. नळीच्या टोकाशी बांधलेलं फडकं फडफडत होतं, मागची नंबरप्लेट थरथरत होती. गाडी चालू होती. आणि गंमत बघा, दिसल्याबरोबर त्याला ती ऐकूही आली. नेहमीचाच संथ, जाडसर आवाज. त्याने परत भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. आवाज गेला. वळला, आला. असं त्याने तीनदा केलं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा त्याचे कान गरम झाले होते. गाडी तो केव्हापासून डोळ्यांनीच ऐकत होता कोण जाणे! जे दिसेल त्याचा आवाज मन पदरचा घालत होतं, आणि तरी जे कमी पडायचं ते बिचाऱ्या गाडीच्या नावावर खपत होतं.

“वारा उलटा आहे,” तो म्हणाला.

फडकं त्यांच्याच दिशेने फडफडत होतं. पण मिस्त्रीने वाद घातला नाही. त्याने इंजिन बंद केलं, एका नळीचे दोन फाटे करणारा दुफाटा अडकवला, दोन नळ्या बसवल्या आणि परत किल्ली फिरवली. या वेळी भोंग्याला डोळे मिटूनही काहीतरी कानाला लागलं, लांबून कोणी जातं फिरवत असल्यासारखं. त्याने घाईघाईने दोन बोटं वर केली. बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

“हेच!” तो म्हणाला. “दोन नळ्या. मिस्त्री, जोडून टाक.”

“जोडतो,” इंजिन बंद करून जवळ येत मिस्त्री म्हणाला. “पण ऐक. तुझं इंजिन जुनं, सगळे सिलिंडर एकाच रांगेतले. एका नळीतून धूर जोरात सुटतो. दोन केल्या की त्याचा जोर जातो, मग गाडी खालच्या गिअरला ओढत नाही. पलंग-कपाटं भरून चढावर थांबलास, की घाम फुटेल तिला. तुझं काम सगळं त्याच चढ-उतारांचं. गाडीसाठी विचारशील तर एकच. तुझ्यासाठी लावायच्या असतील तर दोन लावतो. तू सांगशील तसं.”

भोंग्याला मोह झाला, हे कबूल करायला हवं. दोन नळ्या लावल्या की गाडी ऐकू येणार. गाडी ऐकू आली की गिअर वेळेवर पडणार, लेकीपुढे आपलं म्हणणं खरं ठरणार, आणि आत्ता टाकीजवळ जे झालं ते तिघांतच राहणार. मिस्त्री बोलणारा माणूस नव्हता. बायको तर दोन वर्षं साधं ‘सावकाश जा’ही म्हणत नव्हती.

ती आता पुढे आली. त्याच्या अगदी समोर उभी राहून, तोंड नीट दिसेल असं म्हणाली, “अहो, आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न? त्यालाही दोन नळ्या लावणार आहात का?”

मिस्त्रीला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दाबलं. भोंग्याला मात्र महिन्यापूर्वीचा तो दुचाकीवाला आठवला. गाडीला खेटून, हात नाचवत, तोंडाने काहीतरी म्हणत पुढे गेला होता. मागे एक बाई बसली होती आणि बाईच्या मांडीवर मूल. ‘काय उर्मट लोक, हॉर्नसुद्धा देत नाहीत,’ असं तो तेव्हा घरी येऊन म्हणाला होता. आणि घरात सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आयुष्यभर ज्याने कोणाचं ऐकलं नाही, त्याला ऐकू येत नाही हे घरच्यांना कळणार तरी कसं?

त्याने खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली. एकतीस वर्षं ती त्याच्या खिशात होती. खिसे बदलले, किल्ली तीच. ती त्याने बायकोच्या हातात दिली.

“एकच लाव,” तो मिस्त्रीला म्हणाला. “गाडी उद्या लेक घेऊन जाईल. तिला चालवता येते, याच गाडीवर शिकलीय. मी…” पुढचं वाक्य त्याला जड गेलं. “मी आधी कान दाखवून येतो. मग बघू.”

“गाडीचा आवाज बसलेला नाही, एवढं लेकीला सांग,” मिस्त्री म्हणाला, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. “मोडीत काढायचं काम नाही. शब्द पाळायची वेळ तुझ्यावर आलीच नाही.”

मिस्त्रीने सुट्या शब्दांत बोलायला सुरुवात केली, हे भोंग्याला फार लागलं. पण शब्द सगळे कळले.

दोघं पायी निघाली. घर पाऊण तासाच्या अंतरावर होतं. इतकं अंतर दोघं बरोबर पायी चालल्याला कित्येक वर्षं झाली होती. रस्त्याच्या एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. मध्येच बायकोने त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं, आणि मागून एक टेंपो निघून गेला. नंतरही तिने दंड सोडला नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्याने एकदाचं विचारलं. दोन वर्षं जपून ठेवलेला प्रश्न. आवाज लहान ठेवायचा त्याने प्रयत्न केला, तो किती लहान झाला हे त्याला कळायचा मार्ग नव्हता.

“तू ‘सावकाश जा’ म्हणायचं का सोडलंस?”

ती थांबली. “मी कधी सोडलं?”

“दोन वर्षं झाली.”

“अहो, रोज म्हणते. परवा म्हटलं, काल म्हटलं. तुम्हीच ‘येतो गं’ म्हणायचं सोडलंत. मला वाटलं, कशाचा तरी राग आहे. विचारावंसं वाटायचं, पण म्हटलं, जाऊ दे, आपण का विचारायचं?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते, आणि ती हसते आहे की रडते आहे हे या वेळी डोळ्यांनाही नीट कळलं नाही. रोज. ती दारात उभी राहून रोज म्हणत होती, आणि तो रोज रुसून खाली उतरत होता.

तो तिच्या डाव्या बाजूने चालत होता. दोन पावलं मागे राहून तो उजवीकडे गेला. मग पुन्हा डावीकडे आला. कुठल्या कानाला जास्त येतं तेही त्याला माहीत नव्हतं.

“परत म्हण,” तो म्हणाला. “या बाजूने.”

“आत्ता? भर रस्त्यात?”

“म्हण ना.”

तिने आजूबाजूला पाहिलं, पदर सावरला आणि ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. नीट नाही, पण आलं. अर्धं कानाने आलं आणि अर्धं तिच्या श्वासाने.

“येतो गं,” तो म्हणाला, आणि गोदामाच्या दारातल्या रखवालदाराने दचकून वर पाहिलं.