उसन्या गोळ्या आणि माझा पारा

मित्रांनो, मी एक जुने, पाऱ्याचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. दवाखान्यात मला बीपीचे मशीन म्हणतात. कारखान्यात माझ्या काचेच्या नळीवरची रेघ न् रेघ तपासून मगच मला बाहेर सोडले. कुटुंबनियोजनाच्या खोलीत माझी वीस वर्षे गेली. मी कधी खोटे बोललेले नाही, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवतही नाही.

पुढे बटणावर चालणारे नवे मशीन आले. त्याचे आकडे मोठे आणि ऐट त्याहून मोठी! माझी रवानगी कपाटात, जुन्या चादरींखाली झाली. फार वाईट वाटले.

एके सकाळी शिवणकाम करणारी एक बाई आली. कडेवर दहा महिन्यांची मुलगी. बाळंतपणात तिचा रक्तदाब चढून झटके आले होते, ती मरता मरता वाचली होती. इतक्यात पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून ती महिनाभर मोठ्या जावेच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होती.

"त्याच गोळ्या द्या, सिस्टर. जाऊबाईंना छान मानवल्यात."

"आधी हात पुढे कर."

"गोळी तोंडात जाते, हात कशाला?"

नव्या मशीनने मोठा आकडा दाखवला. "बिघडलंय हो ते!" ती म्हणाली. सिस्टरनी तिला दहा मिनिटे शांत बसवले आणि मला बाहेर काढले. धूळ पुसली, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. एकशे साठ आणि शंभर! मान्य आहे, नवे मशीनही खरेच बोलले होते.

तिचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या पोरीचं कसं होणार?"

"काही होत नाही, म्हणून तर मोजतेय. या गोळ्या बीज बाहेर पडू देत नाहीत, पाळीही नियमित ठेवतात. तुझ्या जावेला चांगल्याच. पण बीपी जास्त असलं की त्यांनी रक्ताची गुठळी होऊ शकते, लकवा मारू शकतो. आजपासून बंद. बीपीचं औषध डॉक्टर देतील."

"मग मी काय करू?"

"तांबी बसवू. ती गर्भाशयात राहते, तिचं तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं. दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. सुरुवातीला पाळी जास्त जाईल, पोट दुखेल. क्वचित निसटते, म्हणून तपासायला यायचं. तांबी बसेपर्यंत निरोध, दर वेळी नवा. संबंधातून होणाऱ्या रोगांपासूनही तो वाचवतो. आणि नवऱ्याला घेऊन ये. सगळं तुझ्याच डोक्यावर का?"

दिवस राहिले नाहीत याची खात्री करून त्याच आठवड्यात तांबी बसली. पुढच्या तपासणीला मोठी जाऊ डोळे पुसत सोबत आली. "मी चांगुलपणानं दिल्या हो!"

"ते माहीत आहे, जाऊबाई. आता दंड पुढे करा," धाकटी म्हणाली. मोठीचा आकडा अगदी ठीक निघाला, तशा दोघी हसल्या.

आता मी पुन्हा टेबलावर आहे, ताठ मानेने. मित्रांनो, माझी धूळ पुसत जा, दरवर्षी माझी तपासणी करा. आणि औषध कोणी कितीही मायेने दिले तरी उसने घेऊ नका. ती कडेवरची मुलगी आता शाळेत जाते. रोज सकाळी तिची वेणी तिची आई घालते.