दोघांचं दार

अनुपचा ठोकळ्यांचा सरदार पिवळ्या चौथऱ्यावर चढला आणि किल्ल्याचं दार करकरत वर गेलं. क्रांतीताईचा, त्याच्या मोठ्या बहिणीचा, जादूगार अजून पुलाच्या अलीकडेच अडखळत होता. अनुपने हातातला कंट्रोलर खाली केला.

“ताई, हे दार एकट्यानेही उघडतं?”

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “उघडतं की.”

बॉबलिंगेनच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, कुणाकुणाच्या जुन्या बशा आणि दिव्यांच्या ढिगात, त्याला हा खेळ सापडला होता. तेच प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे किल्ले, तोच चौकोनी जबड्याचा ड्रॅगन, आणि काहीही फोडलं की होणारा तो खळखळाट. नागपूरच्या घरी दोघांनी मिळून तो अक्षरशः झिजवला होता.

उन्हाळ्यात आलेल्या अर्धांगाच्या झटक्याने ताईचा उजवा हात दुबळा झाला. ब्राउनश्वाइगच्या प्रयोगशाळेतून रजा घेऊन, रेहा, म्हणजे हात पुन्हा चालता करायचे उपचार, संपवून ती इकडे बॉबलिंगेनला भावाकडे आली खरी. पण कुणी मदतीला पुढे आलेलं तिला खपत नसे. कालच त्याने तिच्या ताटातली पोळी मोडून दिली, तर ती ताट तसंच ठेवून उठली होती. बोटांना तेवढाच व्यायाम, म्हणून त्याने खेळ लावला होता. तसं बोलला मात्र नव्हता.

“पण तू तर म्हणायचीस, दोघं चढल्याशिवाय दार उघडतच नाही.”

“म्हणायचे.”

“आणि मी पोचेपर्यंत चौथऱ्याच्या अलीकडे उभी राहायचीस.”

“मग काय करणार? आई गेल्यापासून तू तोंडच उघडत नव्हतास. शाळेत नाही, बाबांशी नाही.” ती किंचित हसली. “मी दाराशी पोचले की तेवढं ‘थांब, आलो’ म्हणायचास. ते ऐकायला थांबायचे.”

अनुपने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसू लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

जादूगार पाण्यात पडला. ठोकळे विखुरले, पुन्हा जुळले. परत पडला. तिसऱ्या खेपेला तो कसाबसा पलीकडे आला, तेव्हा ताईच्या कपाळावर घाम होता.

“बरं, आज एवढं पुरे,” ती म्हणाली. “ चल, फिरून येऊ.”

ती उठून आरशापुढे गेली. डाव्या हाताने केस मागे घेतले, उजव्या बोटांत रबरबँड अडकवू लागली. तो निसटला. पुन्हा अडकवला, पुन्हा निसटला. सोफ्यावर अनुप मुठी आवळून बसून होता. जागचं हलायचं नाही, एवढं तो कालपासून शिकला होता.

“अनुप,” ती आरशातूनच त्याच्याकडे बघत म्हणाली, “केस बांधता येतात तुला?”

“नाही गं.”

“ये. सांगते.”