दारावरची तपासणी

रेक्टरबाईंनी मुलींच्या वसतिगृहात उभी हयात काढली आणि त्या काळात एकाही मुलीचा खोटा ताप पचू दिला नाही. परीक्षेच्या सकाळी पोटात कळ येणाऱ्या, खेळाच्या तासाला चक्कर येणाऱ्या, कपाळाला गरम पाण्याची पिशवी लावून कण्हणाऱ्या, सगळ्या त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या की दोन मिनिटांत खडखडीत बऱ्या होत. उलट खरा ताप लपवून सहलीला निघालेल्या मुलीला त्या बसच्या पायरीवरून खाली ओढत. त्यांची हत्यारं म्हणजे एक छोटी बॅटरी, एक स्टीलचा चमचा आणि स्वतःचा संशयी स्वभाव. निवृत्त होताना बॅटरी आणि चमचा त्यांनी पर्समध्ये टाकून आणला. स्वभाव मागे ठेवून यायचा प्रश्नच नव्हता.

त्यांची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, अगदी मूठभर. बरेच दिवस काचेच्या पेटीत काढून ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "हिची फुफ्फुसं अजून कच्ची आहेत. मोठ्या माणसाची साधी सर्दीसुद्धा हिला झेपायची नाही. खोकणारा, शिंकणारा कोणीही असो, आत घेऊ नका." हे ऐकलं मात्र आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच रेक्टरबाईंच्या अंगात बळ आलं. दुसऱ्या दिवशी त्या बॅग घेऊन लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी हजर झाल्या आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या.

बेल वाजली की आधी साखळी लावून फटीतून बघायचं. मग या-बसा काही नाही, थेट हुकूम, "आ करा." समोरच्याने आ केला की त्या चमच्याच्या दांड्याने जीभ दाबत, बॅटरी मारत आणि तोंड अगदी जवळ नेऊन घशात डोकावत. जवळ जावंच लागे, कारण डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते. शिवाय त्या वासही घेत. खोकल्याचं औषध पिऊन आलेली मुलगी त्यांनी वासावरून किती वेळा पकडली होती! लेक म्हणाली, "आई, निदान तोंडाला मास्क तरी लाव." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "मास्क लावला की वास कुठला कळतोय?" मात्र प्रत्येक घशानंतर चमचा उकळत्या पाण्यातून काढायचा आणि हात कोपरापर्यंत धुवायचे, यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

घरच्या माणसांनाही सूट नव्हती. जावई संध्याकाळी कामावरून आला की उंबऱ्यावर आ करून उभा राही.

"आई, हे घर माझ्या नावावर आहे हो," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"असेल ना. घर नावावर असलं की सर्दी होत नाही का?"

जावयावर त्यांचा संशय होता तो सगळ्या जगावर होता तेवढाच. खरा संशय होता त्याच्या आईवर. माई दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि रोज सकाळी बाळासाठी हात पुढे करूनच घरात शिरायच्या. कोणतंही वाक्य बोलण्याआधी "खं, खं" असा घसा साफ करायची त्यांना सवय होती. लग्नाच्या बोलणीच्या दिवशीही त्या तशाच खाकरल्या होत्या. पण तेव्हा रेक्टरबाईंच्या हातात बॅटरी नव्हती. आता त्यांनी विहिणीचा घसा पुन्हा पुन्हा तपासला. लाली नाही, सूज नाही, काही म्हणता काही नाही. दुसरं कुणी असतं तर निश्चिंत झालं असतं. रेक्टरबाईंचा संशय वाढला. इतका स्वच्छ घसा असतो का कुणाचा? गुळण्या करून येत असणार!

आणि एक गोष्ट त्यांना फार लागायची. माईंनी मांडीवर घेतलं की बाळ तत्काळ गप्प व्हायचं, डोळे मिटून पडून राहायचं. रेक्टरबाईंनी घेतलं की अंग ताठ करून रडायचं. बाळाला त्या धरत तेही परीक्षेत कॉपीचा कागद सापडल्यासारखं, दोन्ही हातांनी घट्ट आणि अंगापासून लांब. इतक्या पोरी हाताखालून गेल्या, पण मांडीवर एकही घेतली नव्हती. स्वतःची लेकसुद्धा त्याच वसतिगृहात, त्याच रांगेत उभी राहून वाढली होती. माई बाळाला थोपटत गुणगुणायला लागल्या की त्या म्हणत, "पुरे आता विहीणबाई. तुमचा श्वास थेट तिच्या नाकावर पडतोय." माई मुकाट्याने बाळ परत देत, आणि ते परत ताठ होई.

एका दुपारी शेजारच्या घरातली बाई आली. ती बालवाडीत शिकवायची. हातात विणलेली इवलीशी टोपी होती आणि चेहऱ्यावर कौतुक. रेक्टरबाईंनी साखळी काढली, तिला उंबऱ्यावर थांबवलं, आ करायला लावलं. घसा लाल होता. नीट बघावं म्हणून त्यांनी दांडा आणखी आत नेला, तोंड आणखी जवळ नेलं, आणि बिचारीला ठसका लागला. एक नाही, लागोपाठ. रेक्टरबाईंचा चष्मा धुरकटला.

"पकडलं!" त्या म्हणाल्या. आनंद अगदी लपेना. "बालवाडीत दिवसभर नाक गळणाऱ्या पोरांत बसायचं आणि तिथून थेट तान्ह्या बाळाकडे यायचं? शोभतं का हे?"

"अहो, मला काही झालेलं नाही. जरासं नाक चोंदलंय, एवढंच," ती खजील होऊन म्हणाली. तिची टोपीही परत गेली. रेक्टरबाईंनी दार लावलं, चमचा उकळला, हात धुतले, चष्मा पुसला आणि त्याच पावली आत जाऊन बाळाला उचललं. "बघ गं छकुले, तुझी आजी आहे म्हणून!" संध्याकाळी जावई आला तेव्हा त्याला ही हकिगत दोनदा ऐकावी लागली.

पुढे काही दिवसांनी सकाळी उठल्यावर त्यांचा घसा खवखवला. आदल्या दिवशी त्यांनी खोल्यांचे पडदे झटकले होते. धूळच ती, दुसरं काय? नाकातून पाणी आलं तेही धुळीचंच. मिठाच्या गुळण्या कराव्यात म्हणून त्या न्हाणीघरात गेल्या, दाराला कडी लावली आणि नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. ही नळाची युक्ती वसतिगृहातल्या मुलींची. ती करणाऱ्या कितीतरी जणींना त्यांनी दार वाजवून बाहेर काढलं होतं. त्यांच्या दाराशी मात्र कोणी आलं नाही. बाहेर येऊन त्यांनी तोंड कोरडं केलं आणि माईंना म्हणाल्या, "विहीणबाई, आज तुमचं खाकरणं जरा जास्तच वाटतंय मला."

चार-पाच दिवसांनी बाळाने दूध सोडलं. चार घोट प्यायचं आणि तोंड फिरवायचं. दुपारपर्यंत त्याचा श्वास इतका भरभर चालू लागला की मोजता येईना. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती आणि छातीतून बारीक शिट्टी ऐकू येत होती. जावई गाडी काढायला धावला. लेक बाळाला दुपट्यात गुंडाळत होती. माई नुसत्याच उभ्या होत्या, काय करावं ते न सुचून.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते," रेक्टरबाई म्हणाल्या. "रोज खाकरत यायचं आणि रोज मांडीवर घ्यायचं. आता बघा काय झालं ते!"

"खं... अहो, माझी ती सवय..." माई म्हणाल्या.

लेकीने मान वर केली. भीतीने तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. "माई, तुम्ही आता येऊ नका," ती म्हणाली. "तिकडे दवाखान्यातही नको. मी हात जोडते." माईंनी पायात चपला अडकवल्या, त्याही उलटसुलट, आणि जिना उतरून गेल्या. रेक्टरबाईंना त्या क्षणी वाटलं, झालं ते बरंच झालं. खरंच वाटलं तसं.

दवाखान्यात बाळाच्या नाकाशी प्राणवायूची नळी लावली. काचेच्या दारापलीकडे लेक त्याच्याशेजारी स्टुलावर बसून राहिली, न खाता, न झोपता. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं, "श्वासाच्या नळ्यांना धरणारा विषाणू आहे हा. अगदी नेहमीचा. तुमच्या-माझ्यासारख्यांना त्याने फार तर नाक गळतं, घसा खवखवतो. हिच्या नळ्या मुळातच काडीएवढ्या, त्या सुजतात, चिकट्याने भरतात. आपण प्राणवायू देतोय, पाणी देतोय. बाकी झुंजायचं तिलाच आहे. पण आईला विश्रांती हवी, नाहीतर तीच पडेल. घरातल्या एका बाईला पाळीने बसू देऊ. आधी तिची चाचणी मात्र करावी लागेल."

"मी बसते," रेक्टरबाई उठल्याच.

"चाचणी आधी," परिचारिका म्हणाली. तिच्या हातात लांब कापसाची काडी होती.

"माझी कशाला? अगं, साथी आल्या नि गेल्या, निम्मं वसतिगृह अंथरुणाला खिळायचं, मी एकदा पडले नाही. रेक्टरला सर्दी होत नसते. आणि जरा घसा धरलाय तो पडद्यांच्या धुळीने, मी मध्यंतरी पडदे..." बोलता बोलता त्यांचं लक्ष परिचारिकेच्या चेहऱ्याकडे गेलं. ती काही बोलत नव्हती. मान किंचित कलती करून नुसती बघत होती. ती नजर रेक्टरबाईंच्या चांगली ओळखीची होती. ज्या मुलीला खरंच ताप असायचा ती अशीच भडाभडा बोलायची, आणि त्या अशाच गप्प राहून बघायच्या. त्यांनी मान मागे टेकवली आणि काडी नाकात जाऊ दिली.

जावयाने तोवर माईंनाही बोलावून घेतलं होतं. बायकोला न विचारता. "त्यांचीही करून टाका," एवढंच तो म्हणाला. माई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. खाकरू नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला होता आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत दम कोंडला होता.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. माईंना काही नव्हतं. विषाणू रेक्टरबाईंच्या नाकात होता.

डॉक्टरीणबाईच पुढे म्हणाल्या, "हे बघा, कोणाकडून कोणाला गेलं हे चाचणी सांगत नाही. बाळाकडूनही आजीला लागलं असेल."

"तसंच असणार," जावई घाईने म्हणाला. भला माणूस. "तुम्ही सारख्या तिच्याजवळ होता ना, आई. तुम्हाला तिच्याकडूनच आलं असेल."

रेक्टरबाईंना दार सताड उघडं मिळालं होतं. नुसती मान हलवायची, की सुटका. लेकीला कळणार नाही, विहिणीला कळणार नाही, जन्मात कोणाला कळणार नाही. बाळाने दूध सोडलं त्याच्याही आधी आपण नळ सोडून गुळण्या करत होतो, हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? आणि टोपी घेऊन आलेली ती बाई. ती तर दाराबाहेरच राहिली होती. तिचा ठसका तेवढा आत आला, त्यांच्या तोंडावर बसून. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

काचेचं दार सरकलं आणि लेक बाहेर आली. तोंडाला मास्क, डोळे सुजलेले. सासूला बघून ती थबकली, मग सवयीने आईकडे वळली, कुशीत शिरायला आल्यासारखी.

"तिथेच थांब," रेक्टरबाई म्हणाल्या. स्वतःच दोन पावलं मागे सरल्या. "माझ्याजवळ येऊ नकोस. माझ्यात आहे ते."

"तुला तिच्याकडून..."

"नाही. माझा घसा आधी धरला. बाळ आजारी पडलं ते नंतर. मी गुळण्या करत होते न्हाणीघरात, दार लावून."

लेक बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"संशय आला होता. मी तो मनात टिकू दिला नाही."

"मग माईंना का बोललीस? त्यांना मी घराबाहेर काढलं, आई. तुझ्या शब्दावर."

रेक्टरबाईंनी तोंड उघडलं. धुळीचं कारण आलं जिभेवर, वयाचं आलं, काळजीचं आलं. पण लेक समोर होती आणि तिच्यामागे काचेतून त्या मूठभर छातीचं वरखाली होणं दिसत होतं.

"ती त्यांच्या मांडीवर झोपायची," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नाही झोपायची. मला ती एकटीला हवी होती."

हे बोलताना त्यांना रडू फुटलं. लेक रागावलीही नाही. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. तिने सासूचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

काचेतून दिसत होतं. परिचारिकेने नळी सांभाळत बाळाला माईंच्या मांडीवर दिलं. माईंनी मास्क वर ओढला, बाळाचं डोकं कोपरात घेतलं आणि दुसऱ्या हाताने थोपटू लागल्या. लेक शेजारच्या खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्याच झोपली, मान एका बाजूला टाकून, शाळेतल्या मुलीसारखी. रेक्टरबाई डोळे पुसत तिच्याकडे बघत राहिल्या.

"आजी, तुम्हाला इथे उभं राहता येणार नाही," परिचारिका येऊन म्हणाली. "घरी जा. पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय येऊ नका."

"बरं," म्हणून त्यांनी पर्स उचलली आणि काचेपासून बाजूला झाल्या.