कच्चे खिळे

"बघू."

धाकटीच्या कानात लहानपणापासून घर करून राहिलेला हा आवाज. तो नेहमी दातांच्या फटीतून यायचा, कारण बाबांच्या तोंडात खिळे असायचे.

खुर्च्या मढवणाऱ्या माणसाला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने तो ओठावरून अलगद टिपायचा, आणि टक्. बाबांचा जन्म असा ओठ मिटून गेला. "बाबा, मी शाळेच्या शर्यतीत पळू?" बघू. "बाबा, मोठेपणी हे दुकान मी चालवू?" बघू. आई हसून म्हणायची, "लग्न झालं तेव्हा वाटलं, नवरा मितभाषी आहे. मागाहून कळलं, बोलणं भरपूर आहे, पण वाटेत खिळे आहेत."

आई शिवणीच्या दोऱ्याला मेण लावता लावता गुणगुणायची. कुणाकडून शिकली कोण जाणे, बहुधा स्वतःच जुळवलेलं:

कच्चा गं खिळा, धरितो कापड,
वाऱ्याची चाहूल, सोडितो गं...
पक्का गं खिळा, लाकडाचा सोयरा,
जन्माची गाठ तो जोडितो गं.

कामाची रीतच होती ती. कापड आधी कच्च्या खिळ्यांवर बेतायचं, म्हणजे खिळा अर्धाच ठोकायचा. सुरकुती दिसली तर उपटून पुन्हा ताणता येतं. सगळं मनासारखं बसलं की मग एका दमात सगळे खिळे पुरे आत. कच्च्याचा आवाज टक्, पक्क्याचा ठक्. मागच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही कळायचं, खुर्ची कुठवर आली ते.

आता आई नव्हती. बाबांचे हात थरथरू लागले होते, आणि दुकान धाकटीकडे आलं होतं. पण गिऱ्हाईक आलं नव्हतं. ते रस्ता ओलांडून समोर गेलं होतं, काचेच्या मोठ्या दुकानात. ते दुकान थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे दाजींचं. दाजी याच दुकानात बाबांच्या हाताखाली शिकले, इथेच एकदा खिळा गिळता गिळता वाचले, आणि इथूनच थोरलीला घेऊन गेले. माणूस मनाचा मोकळा, तोंडाचा त्याहून मोकळा. त्यांनी धाकटीला सरळ सांगून ठेवलं होतं, "कशाला एकटी झिजतेस? माझ्याकडे ये. उजेडाची जागा देतो, पगार देतो." देऊ केलेलं चांगलंच होतं. म्हणूनच तर ते रात्रंदिवस सलत होतं. हो म्हटलं की बाबांच्या दुकानाचं दार कायमचं बंद.

अशात वाचनालयाचं काम निघालं. वाचनकक्षातल्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायच्या होत्या. वर्षभराची भाकरी होती ती. ग्रंथपाल बाईंनी तिला आणि दाजींना, दोघांनाही नमुन्याची एकेक खुर्ची करायला सांगितलं. "खिडकीशी शेजारी शेजारी ठेवीन," त्या म्हणाल्या. "नाव लावणार नाही, कुणाला मत विचारणार नाही. आठवडाभर बघेन, माणसं कुठे बसतात. तोंडावर लोक गोड बोलतात, पण बसताना कुणी भिडेखातर बसत नाही."

त्या दिवशी धाकटीने मनाशी ठरवून टाकलं: हे काम गेलं तर समोरच्या दुकानात जायचं. बाबांना मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी दाजी चहाला आले.

"काय मेव्हणीबाई, भिडणार ना?"

"बघू, दाजी. झालं तर झालं."

"अगं, हे काय मुळमुळीत! मी तर जिंकायलाच उतरलोय. सकाळी आरशासमोर उभा राहिलो, म्हटलं, हे काम आपलं. आरशातला माणूस लगेच हो म्हणाला."

"तो म्हणणारच. घरात दुसरं कोण ऐकतं तुमचं?"

दाजी खो खो हसले. कोपऱ्यात बाबा बसले होते. हात चालत नसले तरी सवयीने दोनचार खिळे ओठांत धरून. दाजींनी विचारलं, "काय बाबा, कुणाची खुर्ची जिंकणार?"

"बघू," बाबा म्हणाले.

धाकटीला वाटलं, माझं नाव घ्यायला काय झालं होतं?

तिने खुर्ची केली जीव ओतून. पट्टे ताणले, वर गोणपाट, त्यावर पिंजलेला काथ्या हाताने दाबून दाबून बसवला, कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. बसलं की पाठीला आधार मिळेल, मांडीला रग लागणार नाही. पण खुर्ची पाठवायच्या आदल्या दिवशी थोरलीकडे गेली असताना दाजींची तयार खुर्ची तिने पाहिली होती. क्षणभर बसूनही पाहिली. काय सांगावं! लोण्यात चमचा बुडावा तशी ती आत बुडाली. तेव्हापासून तिच्या मनाचा लंबक झाला. आपली खुर्ची कडक तर नाही? वर मऊ थर घालावा का? उघडावी का? सकाळी टेम्पो दारात येऊन उभा राहिला तरी तिचं ठरलं नव्हतं. तळाचे खिळे कच्चेच होते. त्यावर तिने तळ झाकणारं काळं कापड नुसतं टाचलं आणि खुर्ची पाठवून दिली.

घाई झाली, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मनाच्या तळाशी दुसरंच होतं. हरले तर म्हणता येईल, मी कुठे खुर्ची पक्की केली होती? मी कुठे खरोखर उतरले होते?

दुसऱ्या दिवशी तिने बाबांपुढे चहा ठेवला. बाबांनी खिळे बशीत काढले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "ठक् ऐकू आला नाही."

"काय?"

"टक् ऐकले मी. सगळे. ठक् एकही आला नाही." आणि पुन्हा कपाकडे वळले. रागावले नाहीत, का असंही विचारलं नाही.

मागच्या खोलीतून म्हाताऱ्याचे कान सगळी खुर्ची बघत होते तर! तिने हातोडी पिशवीत टाकली आणि तशीच चालू लागली.

वाचनालयात पोचली तेव्हा तिच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते आणि सारखे चुळबुळत होते. कापड मागून सैल पडू लागलं होतं, बैठकीवर पोळीसारखी घडी पडली होती. शेजारच्या खुर्चीत एक बाई लोण्यात बुडून सुखाने बसल्या होत्या. आणि खांबाला टेकून दाजी उभे. ते आपली खुर्ची डोळे भरून बघायला आले होते.

धाकटी ग्रंथपाल बाईंच्या टेबलापाशी गेली. "बाई, माझ्या खुर्चीचे खिळे कच्चे राहिलेत. मला ते ठोकू द्या."

बाईंनी चष्मा वर केला. "आठवडा सुरू झालाय. एकाला हात लावू दिला तर दुसऱ्यावर अन्याय. हे इथेच आहेत, यांची हरकत नसेल तर माझी नाही."

दाजी पुढे आले. चेहऱ्यावर थट्टा होती, पण डोळे तिच्यावर रोखलेले. "कशाला त्रास घेतेस? झालं तर झालं, नाही झालं तर नाही. तूच म्हणालीस ना?"

वाचनकक्षात पानांचा आवाज तेवढा येत होता. धाकटीच्या ओठांत इतक्या वर्षांचा 'बघू' अडकला होता. तो तिने गिळला नाही, बाजूला सारला.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "मला हे काम हवंय, दाजी. बाबांचं दुकान चालायला हवंय, आणि तुम्हाला हरवायचंय मला. नुसतं काम मिळावं असं नाही, तुमच्यावर मात करून मिळावं असं वाटतंय. आता हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

चुळबुळणारे गृहस्थ चुळबुळायचे थांबले. दाजींचा चेहरा असा खुलला, जणू कुणी खिडकी उघडली.

"हे ऐकायला कान आसुसले होते गं माझे! नुसत्या वाऱ्याशी कुस्ती खेळायला काय मजा? जा, ठोक. कच्च्या खिळ्यांच्या खुर्चीला हरवलं तर तुझी बहीण मला ताटावर बसू देणार नाही." मग बोट नाचवत म्हणाले, "पण लक्षात ठेव, सोडणार नाही मी तुला!"

"सोडू नकाच."

तिने खुर्ची व्हरांड्यात नेली, उलटी केली, काळं कापड सोडवलं. मऊ थराचा विचार एकदा डोकावला. तिने काथ्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले. बसणारा माणूस आठवला, दाजींची खुर्ची नाही. थर घालायचा नाही. तिने मूठभर खिळे ओठांत धरले, कापड पुन्हा ताणलं. ठक्. ठक्. ठक्. प्रत्येक खिळ्याबरोबर छातीतलं काहीतरी जागच्या जागी बसत गेलं.

पुढचे दिवस तिने वाचनालयाकडे पाऊल टाकलं नाही. बातम्या थोरली आणायची आणि दोन्हीकडे सांगायची. माहेर एक, सासर एक, बिचारीची फार करमणूक चालली होती. "ते चुळबुळे काका आता दार उघडायच्या आधी येतात, खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात," ती म्हणाली. "आणि आमच्या खुर्चीत तर... जाऊ दे, तूच ऐक उद्या."

निकालाच्या दिवशी ग्रंथपाल बाई दाजींना म्हणाल्या, "तुमची खुर्ची फार सुखाची आहे. इतकी, की जो बसतो तो पुस्तक छातीवर ठेवून झोपतो. परवा एकांचं घोरणं रस्त्यापर्यंत गेलं. माझ्याकडे माणसं वाचायला येतात हो." मग धाकटीकडे वळल्या. "तुमच्या खुर्चीतून मात्र कुणी लवकर उठत नाही, आणि सगळे जागे असतात. काम तुमचं."

दाजींनी कपाळावर हात मारला. "माणसं झोपली! अहो, ही तक्रार आहे की तारीफ?" मग धाकटीच्या डोक्यावर हलकी टपली मारून म्हणाले, "हरलो. पुढच्या वेळी वसूल करीन." आणि शीळ घालत निघून गेले. रुसवा नाही, फुगवा नाही. धाकटीला वाटलं, हरणं इतकं हलकं असतं, तर आपण इतकी वर्षं कशाला भ्यायलो?

ती दुकानात आली तेव्हा दुपार कलली होती. दारातून तिरपं ऊन थेट बाबांच्या पायांपर्यंत आलं होतं. बाबा कोपऱ्यात, ओठ मिटलेले.

"मिळालं, बाबा."

बाबांनी नुसती मान हलवली. तिने ओळखीचा शब्द येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. थरथरता हात तोंडाशी गेला. बाबांनी एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला, शेवटचा जिभेखालून शोधून काढला, आणि सगळे तिच्या ओंजळीत ओतले. खिळे कोमट होते.

"एक जावई, एक लेक," ते म्हणाले. खिळे नसलेला त्यांचा आवाज तिने क्वचितच ऐकला होता. तो किती मऊ होता! "थोरलीचं घर तिकडे. कुणाचं नाव घेणार होतो मी? म्हणून बघू, बघू करत राहिलो." बाहेर दाजींची शीळ रस्ता ओलांडून दूर गेली.

"पण मला तूच जिंकायला हवी होतीस. शाळेतल्या शर्यतीपासून."