वच्छलाबाईंचा काटा

उकळतं पाणी. त्यात बुडवून पिळलेला पंचा.

अभिमनच्या दाढीच्या पात्यांचं पाकीट. त्यातलं एक पातं कमी.

दुधावरची साय, वाटीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर.

ओसरीवर कुणीतरी खोकतं.

"काटा. काटा शे."

हे वच्छलाबाई म्हणाल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडी शब्द असेच यायचे, वाट चुकलेले. पाणी हवं असलं की 'दिवा' म्हणायच्या आणि दिवा लावला की रडायच्या. उजवा हात उशीसारखा नुसता पडून असायचा. त्यामुळे 'काटा' ऐकून सून लता आधी घाबरली, मग शोधायला लागली. मेहरूणच्या बोरीच्या बागेत जन्म गेलेली बाई, काटा पायातच असणार. तळवे पाहिले. गोधडी झटकली. उशीची खोळ उलटी केली.

"कुठे आहे काटा, अक्का?"

"काटा," आणि तोंड भिंतीकडे.

शेजारच्या यशोदाबाई दारातूनच म्हणाल्या, "भितकडे तोंड करीसन काबर पडेल शे? नवी नवरी शे का व?"

"आबा आले की असंच करतात," लता म्हणाली. "दवाखान्यात त्यांच्याच हातचं खायच्या. आता घासही घेत नाहीत."

"रुसनी व्हई," ओसरीवरून तिचे सासरे, मगन आबा, म्हणाले. "रुसू दे."

"या वयमा?" यशोदाबाई हसल्या. लताला हसू आलं नाही. पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दुपारी ऊन खिडकीतून उशीपर्यंत आलं. तोंड पुसायला लता वाकली आणि तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. हनुवटीवर केस होते. दोन-चार नव्हेत, पुष्कळ. पांढरे, राठ, उन्हात चमकणारे.

लता या घरात आली त्याला वर्षं झाली होती. अक्का पहाटे न्हाणीत जायच्या, आतून कडी लावायच्या, बराच वेळ लावायच्या. लताला वाटायचं, जप करत असतील.

"हा का काटा?"

वच्छलाबाईंनी डोळे मिटले.

लताला काही सुचेना. म्हातारीला दाढी, आणि आपण ती करायची? कुणाला विचारायचं? यशोदाबाईंना विचारलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मेहरूणला कळणार. तिने नवऱ्याचं, अभिमनचं, पातं घेतलं आणि कोरड्याच हनुवटीवर खालून वर ओढलं, वांग्याचं साल काढावं तसं. बारीक रक्त आलं. कातडी लालभडक झाली, पुरळ उठलं. वच्छलाबाईंनी डाव्या हाताने तिच्या मनगटावर फटका मारला.

"चुकलं, अक्का. चुकलं. मग कसं?"

"दिवा."

लताने पाणी आणलं. वच्छलाबाईंनी ते थुंकून टाकलं. "दिवा, दिवा!" चुलीकडे बोट. लताने चूल पेटवली. परत बोट. पाणी तापवलं. तेव्हा कुठे डोळे निवले. पण अजून काहीतरी हवं होतं. डावा अंगठा आणि तर्जनी हवेत मिटायची, उघडायची. चोच? मीठ? लताने मीठसुद्धा आणलं.

"आरसाना मांगे देख," बाहेरून आबा म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मग चपला वाजल्या आणि ते बागेकडे गेले.

आरशामागे पितळेचा चिमटा होता. वापरून वापरून टोकं पार गुळगुळीत झालेला.

पुढचं सगळं डाव्या हाताने सांगितलं. गरम पंचा हनुवटीवर, कातडी मऊ होईस्तोवर. लता घाई करायला लागली की हात पंचा दाबून धरायचा. मग दोन बोटांनी कातडी ताणायची. एका वेळी एकच केस, मुळाजवळ धरून, वाढला असेल त्याच दिशेने. लताने एक उलटा ओढला तर फटका. लाल झालेल्या जागेला हात लावू दिला नाही. तिथले केस तसेच राहिले. शेवटी गार पाण्याचा पंचा आणि वर साय.

"दुखतंय?"

"नही," वच्छलाबाई म्हणाल्या. हा शब्द बरोबर होता की चुकलेला, लताला कळलं नाही.

दाराशी आबा खोकले. घरात येताना ते नेहमी खोकायचे. छाती मात्र ठणठणीत होती. थांबले. परत खोकले.

"येऊ का?"

लताने चिमटा पदराआड केला. आबा दूधभाकरीचा काला घेऊन खाटेशी बसले. वच्छलाबाई भिंतीकडेच बघत होत्या. मग मान हळूच फिरली. लाल डाग, राहिलेले केस, साय, सगळं आबांसमोर आलं. आबा घासाकडे बघत होते.

"आ कर," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मगन आबा बैलबाजाराला धुळ्याला गेले होते. येताना त्यांनी पितळेचा चिमटा आणला, "काटा काढाले" म्हणाले आणि आरशामागे ठेवून दिला. काटे काढायचा चिमटा घरात आधीपासून होता.