दुसरीचा आवाज

दक्षिण फ्रान्समधल्या आमच्या मेझ गावातून सिनेमात गेलेली बाई एकच, आणि ती माझ्या बाबांची आत्या. खरं नाव एग्लांतीन काब्रोल, पोस्टरवर लिना आर्व्हेल. आता ऐंशीला टेकली आहे, तरी मासळीबाजारात ती दिसली की गावातले म्हातारे अजून पोट आत घेतात. मी तिला आत्याआजी म्हणते.

बुधवारी दुपारी शाळा नसते, तेव्हा मी तिच्याकडे उच्चार शिकायला जायचे. मला मोंपेलिएच्या नाट्यविद्यालयात जायचंय आणि तिथली प्रवेशपरीक्षा मे महिन्यात आहे. यंदा शाळेच्या नाटकात मी राणी झाले आणि शेवटी लोक उभे राहिले (सगळ्यांत आधी बाबा, पण बाकीचेसुद्धा), तेव्हापासून मला कशाची म्हणून भीती वाटत नाही. फक्त नाटकाच्या बाई म्हणाल्या, "नोएली, सगळं आहे तुझ्यात. तेवढा हेल धुऊन काढ."

आमच्या दक्षिणेकडचे लोक शब्दाचं शेपूट सोडत नाहीत, ओढतात, थोडं गातात. पॅरिसवाले तेच शेपूट गिळून टाकतात. आमचं बोलणं ऐकलं की त्यांना सुट्टी, ऊन आणि गार वाइन आठवते. राणी विष पिऊन मरत असली तरी.

तर आत्याआजी माझ्या दातांत बाटलीचं बूच द्यायची आणि म्हणायची, "हं, बोल." मी बोलायचे, लाळ गळायची.

"राण्यांची लाळ गळते वाटतं?"

"अअं ऊऊ..."

"पूस आणि पहिल्यापासून."

तिचं स्वतःचं बोलणं इस्त्री केल्यासारखं. बाबा म्हणतात, आत्याने मीठ मागितलं तरी रेडिओवर बातम्या लागल्यासारखं वाटतं.

मार्चमधल्या एका बुधवारी सोव्हेर सर आले. हे आमच्या शाळेतले निवृत्त गणिताचे सर, गावाचं सिनेमा-मंडळ तेच चालवतात. म्हणाले, "मादाम, 'तळ्याकाठची नवरी'ला साठ वर्षं होताहेत. इथेच चित्रित झालेला सिनेमा, तुमचा पहिला. एका रविवारी दाखवू या. तुम्ही पाहुण्या."

"दाखवा," आत्याआजी म्हणाली, "मी येणार नाही."

सर टोपी हातात फिरवत निघून गेले. मी तोंडातलं बूच काढलं. "का गं नाही येणार?"

"कारण त्यात मी बोलत नाही."

मला वाटलं, गंमत करतेय. मग तिने सांगितलं.

ती एकोणीस वर्षांची असताना आमच्या घरच्या शेडमध्ये बसून दोरांना सिमेंटने कालवं, म्हणजे खायचे शिंपले, चिकटवायची. समुद्राला जोडलेल्या आमच्या खाऱ्या तळ्यात ते दोर टांगतात आणि कालवं मोठी होतात. बाबा आजही तेच करतात. इथलीच मुलगी हवी म्हणून हिंडणाऱ्या दिग्दर्शकाने तिला सिमेंटने पांढऱ्या झालेल्या हातांनिशी उचललं. उन्हाळाभर शूटिंग चाललं. वारा आणि बोटींची इंजिनं यांच्यात रेकॉर्ड झालेलं काहीच वापरता येत नसे, म्हणून नट मंडळी नंतर पॅरिसला जाऊन पडद्यावर बघत पुन्हा बोलायची.

"मलाही बोलावतील म्हणून मी नवा कोट शिवून घेतला," ती म्हणाली. "हिवाळा गेला. बोलावणं आलं ते थेट पहिल्या खेळाचं. आईबाबा, तुझे आजोबा, सगळे रेल्वेने गेलो. दिवे मालवले, पडद्यावर मी तोंड उघडलं आणि भलतीच बाई बोलायला लागली. मखमलीसारखा आवाज. आमच्या बाबांनी भर अंधारात विचारलं, 'एग्लांतीन, तुला सर्दी झाली होती का गं?' अख्खं थिएटर हसलं."

मीसुद्धा हसले. मग थांबले, कारण ती हसत नव्हती.

सिनेमा चालला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, चेहरा ठीक, पण काय आवाज आहे मुलीचा. पुढचा दिग्दर्शक भेटायला आला, हिने "नमस्कार" म्हटलं आणि त्याचा चेहरा घशात काटा अडकल्यासारखा झाला. शेवटी हिने त्या बाईचा पत्ता काढला. मादाम लोरमो, रंगभूमीवरची नटी. तिच्या स्वयंपाकघरात एक हिवाळाभर बसून हिने तिचा आवाज शिकून घेतला. दातांत बूच धरून.

"भांडली नाहीस तिच्याशी?"

"काय भांडू? चांगली होती गं. मला सूप करून घालायची. शिव्या द्यायलासुद्धा माणूस ठेवलं नाही देवाने."

मग सिनेमे मिळत गेले. कुणाची प्रेयसी, कुणा डॉक्टरची बायको, मग कुणाची आई, मग टीव्हीवरच्या मालिकेत पहिल्याच भागात खून होणारी आजी. सगळीकडे तोच आवाज.

"आमच्या बाबांना शेवटी दिसत नव्हतं," ती म्हणाली. "मी पॅरिसहून धावत आले, त्यांचा हात धरून रात्रंदिवस बोलत बसले. ते नर्सला म्हणाले, या बाई फार चांगल्या आहेत, पण माझ्या मुलीला बोलवा."

ती उठली आणि सिंकपाशी जाऊन स्वच्छ ग्लास पुन्हा धुवायला लागली.

मला गप्प बसता येत नाही. घरी पोचायच्या आत माझी योजना तयार होती. सिनेमातला होडीचा प्रसंग आला की सरांनी आवाज बंद करायचा आणि आत्याआजीने माइकवर स्वतः बोलायचं, आमच्या हेलात. साठ वर्षांनी का होईना, तिचं तोंड आणि तिचाच आवाज. सर लगेच तयार झाले. तिने मात्र दोन बुधवार "गाढव आहेस" एवढंच म्हटलं. तिसऱ्या बुधवारी मी गेले तर टेबलावर बूच नव्हतं.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदा मला ते माझ्या तोंडाने म्हणायचंय. शिकव."

मग बाई मी झाले आणि विद्यार्थीण ती. त्या प्रसंगात नायक गाव सोडून निघालेला असतो आणि ती त्याला म्हणते, "जायचं तर जा. पण माझ्या होडीचा दोर सोडून जाऊ नकोस. तो मीच सोडीन." एवढंच. मी म्हणून दाखवायचे, ती म्हणायची, आणि टीव्हीवरचे पॅरिसचे विनोदवीर आमची नक्कल करतात ना, हुबेहूब तसं यायचं.

"थोडं कमी गा, आत्याआजी."

"मी गात नाहीये, मी मरतेय."

मग मी तिला बाबांच्या शेडवर नेलं. म्हटलं, माणसांत बसली की आपोआप येईल. तर शेडवरच्या लोकांनी तिला पाहून हात पुसले आणि तेच पॅरिससारखं जपून बोलायला लागले. "मादाम, आपण कालवं घेणार का?" असं. एरवी एकमेकांना आईवरून हाका मारणारी माणसं.

"बघितलंस?" येताना ती म्हणाली. "साथीचा रोग झाल्यासारखी फिरतेय मी."

एप्रिलमधला तो रविवार. दुपारी गावचं सभागृह भरलं, मागे लोक उभे राहिले. आत्याआजीने गडद निळा ड्रेस घातला होता. पहिल्या रांगेत मी तिच्या शेजारी, आणि तिच्या मांडीवर माइक. पडद्यावर एकोणीस वर्षांची मुलगी आमच्याच धक्क्यावरून अनवाणी पळत होती आणि तिच्या तोंडून मादाम लोरमो बोलत होत्या. तो आवाज खरंच सुंदर होता. मला त्याचा रागही आला.

होडी आली. सरांनी आवाज बंद केला. आत्याआजीने माइक उचलला.

"जायचं तर..."

मखमल. जशीच्या तशी, फक्त म्हातारी झालेली. मागे कुणीतरी कौतुकाने "आहा" म्हणालं. तिने माइक तोंडापासून लांब धरला. पडद्यावर मुलीचे ओठ हलत होते आणि सभागृहात पंख्याचा आवाज. मी वळून पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती. तिने माइक माझ्या हातात कोंबला.

ते ओठ मला पाठ होते. उरलेलं मी बोलले. होडीचा दोर, तो मीच सोडीन, शेपटासकट सगळं, जसं मी घरी बोलते तसं. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बाबा सगळ्यांत आधी उभे राहिले. आत्याआजीही टाळ्या वाजवत होती, पडद्याकडे बघत.

नंतर आम्ही दोघी तळ्याच्या कडेने घरी निघालो. माझे पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला बोलू.

"कसं झालं?" मी विचारलं.

"फार छान. माझ्या अंगावर काटा आला."

"तू तेव्हा असंच बोलली असशील ना?"

"ती तू होतीस, नोएली. मी कशी बोलायचे ते मला आठवत नाही. तुझ्या आजोबांना आठवलं असतं."

आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. आणि ती तरुण असताना घरात टेप वगैरे काही नव्हतं, माझं विचारून झालंय.

"मग मी परीक्षेत कसं बोलू?"

"आज बोललीस तसं बोललीस तर बहुतेक घेणार नाहीत. उगाच कशाला फसवू तुला?"

"आणि धुऊन बोलले तर?"

"तर घेतील."

पुढच्या बुधवारी गेले तेव्हा तिने टेबलावर कालवांची ताटली, लिंबू, पाव आणि बूच असं सगळं मांडून ठेवलं होतं. मी बुचाला हात लावला नाही. तिने एक कालव उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटले.

"होडीचं म्हण," ती म्हणाली.

मी म्हटलं.

"अजून एकदा. हळू."

मी पुन्हा म्हटलं, अगदी हळू. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, एकही शब्द न चुकता. ऐकू येत होता तो माझाच आवाज.